चित्रात धूळ, यंत्रात धूर

विषय : सोलगोल गावच्या कचेरीच्या गच्चीवरील धूळमापक यंत्रावर मारलेला 'सदोष' हा शेरा रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) सदोष यंत्रे आधी उतरवावीत, असा जिल्हा कचेरीचा आदेश. २) गेल्या वसंतात, पिवळ्या धुळीच्या दिवशी, मौजे सोलगोल येथे लागलेली आग.

वरील विषयास अनुसरून मी ते यंत्रच बोलतोय.

अर्ज माझ्या वतीनं बोंग ही-जे यांनी केला आहे. ते या कचेरीतले कारकून. गाव त्यांना बोंग भाऊसाहेब म्हणतं. अर्ज एका पानाचा आहे आणि त्यात सगळं खरं लिहिलं आहे, त्यामुळे तो कोणी आवडीनं वाचेल अशी आशा मला नाही. शिवाय पोटातली जळजळ लिहायला अर्जात रकाना नसतो, आणि माझ्याकडे सांगण्यासारखी आहे ती मुख्यतः तीच.

दिसायला मी एक पांढरं कपाट आहे. कपाटातून दोन नळ्या वर आल्या आहेत आणि प्रत्येकीवर एक टोपी आहे. ही माझी नाकं. थोरल्या नाकानं मी सगळी धूळ ओढतो, धाकट्यानं फक्त बारीक, डोळ्यांना न दिसणारी. पोटात पांढऱ्या कागदाची फीत फिरते. हवेतला मळ तिच्यावर गोल ठिपका होऊन बसतो, मी तो मोजतो, फीत पुढे सरकते, की नवा ठिपका. आयुष्यभर मी ठिपके केले. भाऊसाहेब म्हणायचे, कारकुनी याहून वेगळी नसते, फक्त तिला खुर्ची मिळते.

गावाला आकडे कळत नाहीत. म्हणून फाटकाशी एक फलक लावून त्यावर मला चेहरा दिला. खरं तर चार चेहरे. हवा चांगली असली की निळा हसरा, बरी असली की हिरवा, वाईट असली की पिवळा उतरलेला आणि फारच वाईट असली की लाल रडवेला. चार चेहऱ्यांत नोकरी निभते. भाऊसाहेबांची दोनांत निभली.

ते माझे चांगले दिवस होते. वसंत आला की मंगोलियाच्या वाळवंटातली धूळ वाऱ्यावर बसून आमच्या डोंगरात यायची आणि सगळं गाव फाटकाशी थांबून माझं तोंड बघायचं. आया मुलांच्या नाकावर मास्क चढवायच्या. म्हाताऱ्या बायका मिरचीची वाळवणं आत घ्यायच्या. भाऊसाहेब रोज सकाळी कागदी पेल्यातली कॉफी घेऊन गच्चीवर यायचे, माझ्या टोप्या पुसायचे आणि माझ्याच सावलीत बसून कॉफी प्यायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. जुन्या नोकरदारांत होत नाही.

तक मल-सुन या बाईंना माझी गरज सगळ्यांत जास्त. त्या विधवा. उतारावर त्यांचे मासे वाळवायचे मांडव आहेत. हिवाळाभर तिथं म्योंगते मासे ओळीनं टांगलेले असतात. रात्री गोठतात, दिवसा वितळतात आणि वसंतापर्यंत सोनेरी पिवळे होतात. पण त्यावर धूळ बसली की हिवाळा मातीत गेला. गाव त्यांना तक वहिनी म्हणतं, कारण त्यांचे धाकटे दीर प्यो गि-बोम त्यांना वहिनी म्हणतात आणि या दिरांचा आवाज गावात सर्वांत मोठा आहे. या भावोजींची शेतं मांडवांच्या अगदी खालच्या अंगाला आहेत. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही आणि एकमेकांशी सरळ बोलणंही होत नाही.

मग तो आला.

एके सकाळी भाऊसाहेब गच्चीवर आले आणि कॉफी प्यायलेच नाहीत. हातात फोन होता. त्यात ते असे बघत होते, जसं स्थळाकडून आलेला फोटो बघतात. शेवटी त्यांनी फोन माझ्या बाजूला वळवला. मला दाखवायला नव्हे, ऊन लागत होतं म्हणून.

त्यात आकाशातून काढलेलं चित्र होतं. मंगोलियातून उठलेली पिवळी शेपटी चीन ओलांडून, समुद्रावरून वळसे घेत आमच्याकडे निघाली होती. ती उठली कधी, वळली कुठे, पोचणार केव्हा, सगळं त्यात होतं. उपग्रह दर थोड्या मिनिटांनी नवं चित्र पाठवायचा.

मी इतकी वर्षं समजत होतो की ती धूळ माझी आहे. माझ्या दारी येते, माझ्या नाकानं ओळखली जाते. आता कळलं, माझ्याकडे ती फक्त पाहुणी म्हणून यायची. तिचं माहेर, वाट, मुक्काम, सगळी कुंडली याच्याकडे होती.

गावानं त्याचं नाव ठेवलं वरचे साहेब. नाव ठेवायला भाऊसाहेबच पुढे. बदली न होणारा, रजा न घेणारा, खाली कधीच न येणारा साहेब. आमच्या खात्यात हे सगळे गुण एकाच अधिकाऱ्यात पूर्वीही होते, पण तो दिसत तरी असे. याचं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि उंट छत्तीस हजार किलोमीटर उंच.

एका उन्हाळ्यात सैबेरियाची जंगलं पेटली. तो धूर साहेबांनी निघाल्यापासून धरला होता. नद्या ओलांडताना, डोंगरांना अडताना, दोन फाटे फुटताना, रोज भाऊसाहेब चित्र घेऊन गावभर फिरले. चौथ्या दिवशी धूर माझ्या नाकाशी आला. मी आकडा वर नेला, चेहरा पिवळा केला, आणि फाटकाशी उभी एक बाई म्हणाली, "याला आत्ता कळलं होय? आम्हाला मंगळवारीच माहीत होतं."

ते वाक्य अजून माझ्या फितीवर आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो. नोकरी केलेल्यांना ती कळेल. साहेबांना वरून रंग दिसतो, पण जमिनीलगत माणूस ओढतो त्या हवेत किती धूळ आहे ते नक्की कळत नाही. ते कळावं म्हणून माझ्यासारख्यांचे आकडे जिल्ह्याला जातात आणि त्यावरून साहेबांचं चित्र दुरुस्त होतं. टिपण माझं, सही त्यांची. मग ते दुरुस्त झालेलं चित्र भाऊसाहेब माझ्याकडे पाठ फिरवून लोकांना दाखवत.

गेल्या वर्षी जिल्ह्याचा आदेश आला. वरून सगळं दिसत असल्यामुळे गच्च्यांवरची यंत्रं कमी करायची. ज्याच्यावर 'सदोष' शेरा पडेल ते पहिलं उतरवायचं. भाऊसाहेबांनी आदेश वाचला, घडी घातली आणि त्या दिवशी माझ्या टोप्या दोनदा पुसल्या. मला त्यांचा प्रेमळपणा आवडला नाही. आजाऱ्याच्या उशाशी फळं ठेवतात तसा तो होता.

आता त्या दिवसाकडे येतो.

मार्च संपत आला होता. पहाटेपासून आकाश पिवळं, वारा पश्चिमेचा आणि उनाड. माझा चेहरा न्याहारीच्या वेळेलाच लाल रडवेला झाला होता. फाटकाशी तक वहिनी आल्या.

"भाऊसाहेब, मासळी झाकू का?"

भाऊसाहेबांनी फोन पुढे केला. "हे बघा, साहेबांचं ताजं चित्र. आपलं गाव इथं. दिसतं का? नाही दिसत. सगळं पिवळं."

"पिवळं मला डोक्यावरही दिसतंय. झाकू का ते सांगा."

"झाका."

"मग चित्र कशाला दाखवलंत? तोंड नव्हतं?"

तेवढ्यात भावोजी सायकल ढकलत आले. "वहिनी, मासे पिवळेच करायचे ना तुम्हाला? मग झाकता कशाला? फुकटचा रंग आहे."

"तुमच्या डोक्याला लावा तो. केसांचा काळा कलप तुम्हाला शोभत नाही, लोक मला विचारतात, घरात कोणी नवीन आलंय का."

भाऊसाहेब हसले. भावोजींनी मात्र पलटून काही फेकलं नाही. आकाशाकडे बघत ते म्हणाले, "काय हो भाऊसाहेब, एवढी धूळ असली म्हणजे वरच्या साहेबांना खालचं काय दिसत असेल?"

"आज? आज त्यांच्या डोळ्यांत नुसती माती. तुम्ही टोपी घातली काय आणि काढली काय."

"असं का," भावोजी म्हणाले, आणि सायकल वळवून घराकडे गेले. वहिनींचा टोमणा ते उसना ठेवून गेले, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

यामागचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि त्या क्षणी कोणालाच सुचलं नाही. नांगरणीआधी बांधावरचं वाळकं गवत जाळलं की किडीची अंडी मरतात, ही इथल्या म्हाताऱ्यांची पक्की समजूत. अशाच आगींनी डोंगर जळाले म्हणून त्यावर बंदी आली. आदल्या वर्षी भावोजींनी बांध पेटवला आणि अर्ध्या तासात वनखात्याची गाडी दारात उभी राहिली. शेजाऱ्यानं फोन केला होता. पण शेजाऱ्यानं ते कबूल करण्याऐवजी सांगितलं की वरच्या साहेबांनी पाहिलं. त्या एवढ्याशा धुरातलं साहेबांना काही दिसलं नव्हतं. कीर्ती मात्र त्यांची झाली. तेव्हापासून भावोजी अशा दिवसाची वाट बघत होते, ज्या दिवशी साहेब आंधळे असतील.

दुपारी कचेरी रिकामी झाली. पिवळ्या धुळीच्या दिवशी इथं सगळे डुकराचे काप निखाऱ्यावर भाजून खातात. चरबीनं घशातली धूळ धुऊन निघते म्हणे. डॉक्टर म्हणतात, यात तथ्य नाही. आणि तेही त्याच खाणावळीत जागा धरून बसलेले असतात. खाणावळ रस्त्यापलीकडेच आहे. दारं-खिडक्या बंद, आत धूर, लसणाचा वास, हसणं.

त्याच वेळी माझ्या धाकट्या नाकाला चरचरलं.

आधी वाटलं खाणावळच असेल. पण तो धूर मी ओळखतो, तो तेलकट असतो. हा कोरडा होता, गवताचा, आणि मागोमाग पाइनच्या काड्यांचा. थोरल्या नाकाचा आकडा होता तिथंच होता, धाकट्याचा चढत होता. धूळ जाड असते, धूर बारीक; मला शिकवलेलं सगळं ज्ञान या एका वाक्यात मावतं. तेव्हा शंका उरली नाही.

लपवत नाही, भीतीच्या आधी मला आनंद झाला. साहेब वर पिवळ्या चादरीवरून चाचपडत होते आणि मला कळलं होतं! जन्मात एकदा मी पहिला होतो. तो आनंद पुरा एक ठिपकाभर टिकला. मग लक्षात आलं की धूर उताराकडून येतोय आणि उतारावर तक वहिनी एकट्या ताडपत्र्या बांधताहेत.

मी ओरडणार कसा? मला चेहरे चार. चौथा सकाळीच वापरून झाला होता. लाल रडवेल्याच्या पुढे रडायला पाचवा चेहरा मला कोणी दिलेला नव्हता. फलक बघणाऱ्याला सकाळचंच रडणं दिसत होतं.

आकडा मात्र जिल्ह्याला जात होता. तिथं एक चाळणी आहे. ती प्रत्येक यंत्राचा आकडा साहेबांच्या चित्राशी ताडून बघते. चित्रात होती धूळ. यंत्रात होता धूर. चित्र वरिष्ठ, सबब यंत्र चूक. माझ्यावर 'सदोष' हा शेरा पडला आणि भाऊसाहेबांच्या फोनवर निरोप गेला : यंत्र तात्काळ तपासून बंद करावे.

भाऊसाहेब गच्चीवर आले ते तोंडात घास आणि हातात दुसरा, पानात गुंडाळलेला, घेऊन.

"आजच मरायचं होतं का रे तुला?" ते मला म्हणाले. "उद्या मेला असतास. तिकडे माझं मांस करपतंय."

त्यांनी माझं पोट उघडलं. बंद करण्याआधी बिघाडाचा नमुना म्हणून फीत काढायची असते. त्यांनी ती ओढली आणि चावायचे थांबले. फितीवर सकाळचे ठिपके होते पिवळे, पिवळे, पिवळे. मग एक राखाडी. शेवटचा काळा.

"धूळ काळी कधीपासून यायला लागली?"

त्यांनी नाक वर करून हुंगलं. लसणापुढे काही कळेना. मग ते कठड्याशी गेले. वाऱ्यानं धूर जमिनीला दाबून धरला होता, म्हणून रस्त्यावरून तो कोणाला दिसला नव्हता. गच्चीवरून दिसला. भावोजींच्या बांधावरून निघालेली पांढरी रेघ पाइनच्या पट्ट्यात शिरली होती आणि तिथून मांडवांकडे चढत होती.

पानातला घास माझ्या पायाशी पडला. भाऊसाहेब धावत खाली गेले आणि गावाच्या कर्ण्यावर त्यांचा आवाज आला.

"कचेरीकडून सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येते की... अहो, पळा! प्योंच्या बांधाला आग लागलीय! तक वहिनी, मांडवातून बाहेर या! वहिनी!"

खाणावळीचं दार उघडलं. माणसं कमरेच्या फडक्यांसकट धावली. एकाच्या हातात चिमटा तसाच होता. पाठीवर पाण्याच्या पिशव्या चढल्या. हेलिकॉप्टर मागवलं, पण त्या धुळीत ते उडणार नव्हतं.

वहिनींना कर्णा ऐकू गेला नाही. वाऱ्यावर ताडपत्र्या फडफडत होत्या, त्याखाली त्या ओळीच्या टोकाला गाठ मारत होत्या. आग खालच्या दोन ओळींना भिडली तेव्हाही त्या आतच होत्या. त्यांच्यापर्यंत पहिले पोचले ते भावोजी. ते इतका वेळ एकटेच अंगातल्या कोटानं आग झोडपत होते. त्यांनी विळ्यानं ताडपत्री फाडली आणि वहिनींना दंडाला धरून बाहेर ओढलं.

"सोडा! अजून तीन ओळी बांधायच्यात!"

"वहिनी, आग!"

"कुठे आ..." त्यांनी वळून बघितलं. मग भावोजींकडे बघितलं. खोकल्याची उबळ गेल्यावर त्यांचं पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. "भावोजी, भुवया कुठे विसरून आलात?"

भावोजी तोच कोट घेऊन पुन्हा आगीकडे वळले.

संध्याकाळपर्यंत आग विझली. दोन ओळी गेल्या, बाकीचे मांडव वाचले. अंगाला काजळी लागलेले भाऊसाहेब गच्चीवर येऊन बसले, तेव्हा फोन वाजला. धूळ थोडी विरली होती आणि साहेबांच्या ताज्या चित्रात, आमच्या विझलेल्या उतारावर, एक लाल ठिपका उमटला होता. सूचना : संभाव्य आग. भाऊसाहेब बराच वेळ हसले. मला तो आवाज गोड वाटला.

दुसऱ्या दिवशी चौकशीला अधिकारी आले. आग कोणी लावली, असं त्यांनी वहिनींना विचारलं.

"मी ताडपत्रीखाली होते. वरच्या साहेबांना विचारा की. त्यांना सगळं दिसतं म्हणे."

भावोजी स्वतःच पोलीस चौकीत गेले. ते गेले नसते तरी चाललं असतं; कपाळाखाली भुवया नव्हत्या, तोच पुरावा होता. कायद्यानं त्यांना जे करायचं ते केलं. वहिनींनी वेगळं केलं. धुराचा वास बसलेले मासे बाजारात चालत नाहीत, ते त्यांनी भावोजींच्या नावे बाजूला काढले. रोज दुपारी त्यांचं सार करून त्या दिरापुढे वाडगा ठेवतात.

"कडू लागतंय, वहिनी."

"तुमचाच धूर आहे. ओरपा."

जिल्ह्याचा अहवाल पंधरवड्यानं आला. त्यातलं मुख्य वाक्य भाऊसाहेबांनी मला गच्चीवर वाचून दाखवलं. 'उपग्रह-प्रणालीने वेळीच दिलेल्या सूचनेमुळे कर्मचारी गच्चीवर पोचून आग दृष्टीस पडली व जीवितहानी टळली.' यात एक अक्षर खोटं नाही. चाळणी साहेबांच्या चित्रावर चालते, सूचना तिनंच दिली, आणि कर्मचारी गच्चीवर पोचले हेही खरं. सूचना काय होती, तेवढं लिहायचं राहिलं. सरकारी कागदावर खोटं लिहिलं तर त्याच्याशी भांडता येतं. असं खरं लिहिलं की काही करता येत नाही.

ते पिवळं चित्र आता चौकटीत बसवून कचेरीच्या दालनात लावलं आहे.

मग भाऊसाहेबांनी माझा शेरा काढायला घेतला. जिल्ह्यातून उत्तर आलं : शेरा काढायचा तर त्या वेळचं चित्र चूक होतं असं मानावं लागेल; परंतु सदर चित्राची अहवालात प्रशंसा झालेली असल्यामुळे ते चूक मानता येत नाही. भाऊसाहेबांनी उत्तर तीनदा वाचलं. तीस वर्षांच्या नोकरीत इतकं निर्दोष काही वाचलं नाही, असं ते म्हणाले, आणि त्याच दुपारी त्यांनी वर उल्लेखिलेला अर्ज लिहिला.

सध्याची माझी स्थिती अशी. श्वास चालू आहे, फीत चालू आहे. माझा आकडा आता जिल्ह्याच्या चित्रात घेत नाहीत. फाटकावरचे माझे चारही चेहरे काढून तिथं पडदा बसवला आहे आणि त्यात साहेब दिसतात, म्हणजे साहेबांना जे दिसतं ते दिसतं. उतरवणारी गाडी पावसाळ्यानंतर येईल.

साहेबांविषयी मनात काही नाही, असं शेवटी म्हणायची रीत आहे. मला ते म्हणवत नाही. त्यांना धूळ उठताना दिसते, मला ती नाकाशी आल्यावर कळते. हे अंतर मी जन्मभर ठिपके केले तरी भरून निघणार नाही आणि त्याची जळजळही जाणार नाही. भाऊसाहेबांनी अर्जात एक वाक्य घातलंय, 'गावास दोहोंची गरज आहे.' ते वाक्य मला नको होतं. पण अर्ज त्यांचा आहे, आणि भीक मागणाऱ्यानं भाषेवर हरकत घेऊ नये.

माझं मागणं मोठं नाही. मला बढती नको, चौकटीत फोटो नको. गाडीत चढवायचं तर चढवा. पण मी त्या दुपारी धुराला धूर म्हणालो, एवढ्यासाठी मला सदोष म्हणून चढवू नका. मी म्हातारा झालो म्हणून चढवा.

अर्जाची पोच आली आहे. तो जिल्हा कचेरीतून संबंधित शाखेकडे गेला. त्या शाखेनं तो अभिप्रायासाठी उपग्रह-शाखेकडे पाठवला आहे. अभिप्राय अद्याप आलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.